नव्वद मिनिटांचं दार

...आणि वर वाडीतली पोरं मलाच म्हणतात, "रामाकाका, तुम्हाला साधं एक दार सांभाळता आलं नाही?" मला! अहो, तीस वर्षं दार सांभाळलंय मी! एसटीत कंडक्टर होतो, पोलादपूर-महाबळेश्वर, आंबेनळी घाट, एका अंगाला दरड, दुसऱ्या अंगाला दरी आणि दाराला पाठ लावून मी... मला दार शिकवता? बसा हो, बसा, पोलादपूरला पुण्याची गाडी काय एवढ्यात येत नाही, महाडलाच रखडली असणार. थांबा, पिशवी सरकवतो. नाही नाही, तुम्ही हात लावू नका, आत विळा आहे. घाबरताय काय? भात कापायचा विळा आहे, माणसं कापायचा नाही. सांगतो ना, विळ्याचंही सांगतो. आधी मला सांगा, वाजले किती? साडेदहा? म्हणजे अजून अर्धा तास आहे.

कशाला म्हणजे? अकराला पेपर आहे पोरीचा! समीक्षाचा. माझ्या चुलतभावाची, कुशाबाची मुलगी. कापडे गावाच्या वर आमची वाडी आहे ना, तिथली. महाडच्या कॉलेजातून बी.कॉम. झाली. आता बी.कॉम.ची आमच्याकडे काय कमी आहे हो? भातापेक्षा बी.कॉम. जास्त पिकतं. झाली आणि बसली घरी. मग एक दिवस ग्रामपंचायतीतला कॉम्प्युटर बंद पडला, महाडचा माणूस म्हणाला, आठ दिवस लागतील, आणि ही गेली होती उताऱ्याला, हिने मागची वायर काढली, फुंकर मारली, परत घातली, डबा चालू! सरपंच म्हणाले, "वा!" चहा पाजला. संपलं! पोरीच्या डोक्यात बसलं, हे मला जमतंय. एक कप चहा पाजून सरपंच मोकळे, पोरगी दीड वर्षं जागची हलली नाही!

आता शिकायचं कुठे? क्लास पुण्याला, क्लास पनवेलला. कुशाबाने एकच विचारलं, "सांजच्याला घरी येनं व्हतंय का?" नाही. मग नाही! विषय संपला. पण पोरगी हट्टाची. मोबाईलवर फुकटचे व्हिडिओ असतात म्हणे, ते बघायची. मुंबईच्या मावसभावाने टाकून दिलेला लॅपटॉप आणला, त्याची दोन बटणं उडालेली, तिथे हिने वालाचे दाणे चिकटवले. हसू नका! वालाचे दाणे चिकटवून शिकली ती. मशीन उघडायचं कसं, नेटवर्क जोडायचं कसं, कुठल्या कामाला कुठला नंबर... ते नंबर पाठ करायची हो! लावणीत चिखलात वाकलेली असायची आणि तोंडाने, "बावीस, त्रेपन्न, ऐंशी, चारशे त्रेचाळीस..." आमच्या वाडीतला भरत, मुंबईला दहा वर्षं काढून परत आलाय, त्याने ते आकडे ऐकले आणि पोलादपूरला जाऊन मटक्याला लावले! लागला नाही, तर हिच्याशी भांडायला आला! "समे, तुझ्या आकड्यात दम नाय!" आता ह्याला काय सांगणार?

बरं, परीक्षा होती ती परदेशी. फार मोठी नाही, पहिल्या पायरीची. पण ती पास झालात की सर्टिफिकेट येतं आणि सर्टिफिकेट आलं की कोणी कॉलेज विचारत नाही. महाडच्या एमआयडीसीत एक कंपनी आहे, नाव कशाला घेऊ, तिथल्या शर्मिला मॅडमनी हिला बोलावलं, काम करून दाखव म्हणाल्या, हिने दाखवलं. मॅडम खूश! म्हणाल्या, "कंपनीतले कॉम्प्युटर अडले की सोडवायचं काम, टेबलखुर्ची आहे, पगार आहे, सकाळी जायचं, संध्याकाळी घरी. एकतीस तारखेपर्यंत ते सर्टिफिकेट आण, जागा तुझी. नाही आणलं तर मला थांबता यायचं नाही." ऐकलंत? संध्याकाळी घरी! कुशाबाच्या प्रश्नाचं उत्तरच की! पोरगी घरी आली ती नाचतच. मला म्हणाली, "काका, मी कापड्याच्या गाडीने कामाला जाणार!" सांगतो तुम्हाला, दीड वर्षात पहिल्यांदा पोटभर जेवली असेल.

आता मेख ऐका. पुण्याच्या केंद्रावर एकतीसच्या आत तारीखच नाही. मग म्हणाले, घरून द्या. घरून! कुशाबा म्हणाला, "घरात बसून पेपर? आन मंग कापी केली तर कोन बघतंय?" तर बघतंय! लॅपटॉपच्या कॅमेऱ्यातून कुठला तरी साहेब नव्वद मिनिटं डोळे लावून बसतो. आणि नियम? अहो, एसटीच्या मागे लिहितात त्याच्या दसपट नियम! खोलीत एकटं बसायचं. दार लावून घ्यायचं. कोणाचा आवाज येता कामा नये. तोंडातून शब्द काढायचा नाही. मान वळवायची नाही. कोणी आत आलं की परीक्षा तिथल्या तिथे रद्द! बरं, भिंतीवर एक अक्षर नको. पोरीने कॅलेंडर काढलं. देवांच्या तसबिरी काढल्या, खाली नावं असतात ना. आजोबांचा हार घातलेला फोटो काढला, त्याच्यावर तारीख होती. खताच्या गोण्या कोपऱ्यात होत्या, त्यांच्यावर अक्षरं म्हणून त्या उलट्या करून ठेवल्या. आणि हे सगळं उचलून कुठे ठेवलं? पडवीत! येणाऱ्या-जाणाऱ्याच्या डोळ्यांसमोर! आता तुम्ही सांगा, कोणाच्याही पडवीत घरातले देव आणि मेलेला आजा बाहेर काढून ठेवलेले दिसले तर माणूस काय समजेल?

आणि दार! खरी गोम तिथे आहे. आमच्या वाडीत दिवसा दार लावत नाहीत. नाहीच लावत. मुंबईला गेलात तर बाहेरून कुलूप घाला, काही हरकत नाही. पण माणूस आत आणि आतून कडी? दिवसा? छे! सकाळी दार उघडलं की दिवेलागणीपर्यंत उघडं. जाणारा हाक मारून जातो, "कोन हाय गो घरात?" आतून ओ आली की पुढे जातो. ओ आली नाही तर आत डोकावतो. असंच आहे आमच्याकडे, बारा वर्षं झाली, असंच आहे. का, ते सांगतो मग.

तर पोरगी आदल्या दिवशी माझ्याकडे आली. म्हणाली, "काका, उद्या अकरा ते साडेबारा आमच्या ओटीवर बसाल?" म्हटलं बसेन, त्यात काय! म्हणाली, "कोणाला आत येऊ द्यायचं नाही. दारावर थापसुद्धा मारू द्यायची नाही. कोणी हाक मारली तरी मी ओ देणार नाही. बाबांनी मारली तरी." म्हटलं, बरं. म्हणाली, "काका, काही झालं तरी?" मी म्हटलं, "अगो समे, तीस वर्षं दार सांभाळलंय मी! भर घाटात सरपंचाचा मेहुणा उलटीला आला, म्हणाला दार उघडा, मी म्हटलं खिडकी आहे! नाही उघडलं. तुझं दार मी उघडू देईन?" हसली. शाळेला माझ्याच गाडीने जायची ना ती, तिला माहीत होतं. म्हणाली, "म्हणूनच तुम्हाला सांगितलं."

वाजले किती? पावणेअकरा? बरं.

आता तुम्हाला वाटेल, लाईट गेली असेल. नाही! लाईट होती! आमच्याकडे, दिवसाची, होती! तुम्हाला वाटेल, नेट गेलं असेल. नेट भरभरून होतं! एरवी फोन लावायला आंब्याखाली जावं लागतं, त्या दिवशी घरात तीन काड्या! पाऊस नव्हता, वारा नव्हता, कोंबडीसुद्धा ओरडली नाही. देवाने सगळं दिलं होतं हो त्या दिवशी. फक्त माणसंही दिली होती.

गेल्या ऑक्टोबरचा शेवट. कापणीचे दिवस. कुशाबा आणि पोरीची आई रखमावहिनी सकाळीच शेतावर. अकराला पोरीने आतून कडी घातली आणि मी ओटीवर बसलो, पाय पसरून, पाठ दाराला, सवयच आहे. आणि पहिली आली बयाबाई. सत्तरीची म्हातारी, डोक्यावर भारा. भारा टेकवला, दाराकडे बघितलं, पडवीतल्या देवांकडे बघितलं, आजाच्या फोटोकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"रामा, दार कशाला लावलंय?"

म्हटलं, "पेपर आहे समीचा."

"मंग ती महाडला गेली आसंल."

"नाही, आत आहे."

"आत हाय, तर दार कशाला लावलंय?"

म्हटलं, "आत पेपर देतेय."

"कोन घेतंय पेपर?"

म्हटलं, "साहेब घेतो."

"सायेब आत हाय?"

"नाही हो, साहेब बाहेरदेशी आहे!"

म्हातारी माझ्याकडे बघत राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, "रामा, तुला बरं हाय ना?" आणि खाली बसली. उठेचना! आणि आमच्याकडे एक म्हातारी बसली की दुसरी उभी राहते आणि दोन दिसल्या की वाटेने जाणारा प्रत्येक भारा तिथेच उतरतो. मी म्हणतोय, "पुढे चला, पुढे चला!" सवय हो! पण मी जितकं हाकलतोय तितकी माणसं थांबतायत, कारण त्यांना कळेना की रिटायर झालेला कंडक्टर दिवसाढवळ्या भावाच्या बंद दाराला पाठ लावून का बसलाय! राखण बसवली म्हणजे आत काहीतरी झालंय. माझ्यामुळेच गर्दी झाली, हे मला कळतं. आता कळतं. तीस वर्षं दार सांभाळलं, पण ते दार चालत्या गाडीचं होतं, तिथे माणसं मागे पडतात. इथे दार जागच्या जागी आणि माणसं वाढतायत!

आणि मग आतून आवाज आला. पुरुषाचा!

अहो, तो साहेब! सुरुवातीला तो बोलून तपासणी करतो. कानाला काही लावायची परवानगी नाही, म्हणून लॅपटॉप मोठ्या आवाजात. आणि बोलतोय इंग्रजी. आणि त्या गर्दीत कोण? भरत! मुंबईत दहा वर्षं हॉटेलात काढलेली, इंग्रजी येतं त्याला. कोणी विचारलं नव्हतं, तरी हा भाषांतर करायला लागला, मोठ्याने, ग्रामसभेत ठराव वाचावा तसा!

"इचारतोय, तू एकटीच हायेस ना."

बयाबाईने पदर तोंडाला लावला.

"म्हनतोय, हाताच्या बाह्या वर कर."

"अग्गो बाय!"

"म्हनतोय, कानावरचं केस मागं घे, कान दाखव."

"आन दार लावून!" ही दुसरी कोणी.

"म्हनतोय, दाराकडं कॅमेरा फिरव, दार नीट बंद हाय का दाखव."

झालं! त्यानंतर काय राहिलं हो? मी ओरडतोय, "अरे, कॉपी तपासतोय तो! चिठ्ठ्या लपवल्यात का बघतोय!" कोण ऐकतंय! आणि मोठ्याने ओरडायचीही सोय नाही, कारण आवाज आत जाता कामा नये. तर मी हळू आवाजात ओरडतोय! कधी हळू आवाजात ओरडून बघितलंत? माणूस खोटा वाटतो हो. मी इतका खोटा कधीच वाटलो नव्हतो.

आणि मग तो आवाज थांबला. पेपर सुरू झाला असणार. चिडीचूप. आवाज येत होता तोवर निदान बदनामीच होती, आवाज थांबल्यावर ती भीती झाली. दहा मिनिटं... वीस मिनिटं... आतून पानही हलेना. कोणीतरी हाक मारली, "समे, ए समे!" ओ नाही. कशी देईल ओ? बोललं की परीक्षा गेली! मी सगळ्यांना सांगतोय, ती बोलणार नाही, तिला बोलायची परवानगी नाही. तर बयाबाई म्हणते, "कोनाची परवानगी? त्या सायबाची?"

तोवर भरतने कुशाबाला फोन करून ठेवलेलाच. कुशाबा धावत आला शेतातून, हातात विळा तसाच, मागे रखमावहिनी, तिच्या पायात चप्पल नाही. कुशाबा येऊन थेट दाराला. मी आडवा हात घातला. म्हटलं, "कुशा, नाही. तुझ्या पोरीला शब्द दिलाय." तो मला सख्ख्या भावासारखा, कधी आवाज चढवला नाही माझ्यापुढे, म्हणाला, "दादा, बाजूला व्हा." म्हटलं, नाही. तर तो तिथूनच हाक मारायला लागला. "समे... ए समे... बाय माजे... ओ दे गो एकडाव... निस्ती ओ दे..."

आणि मला माहीत होतं हो, ती ऐकतेय. भिंतीच्या पलीकडे चार हातांवर बसून बापाची हाक ऐकतेय आणि मान वळवता येत नाही, डोळा पुसता येत नाही, कारण तो बघतोय. काय झालं असेल तिचं? तरी तिने ओ दिली नाही. अशी पोरगी! आणि मीही दार सोडलं नाही. तास झाला. एक तास दहा मिनिटं. मी घड्याळ बघतोय, वीस मिनिटं राहिली, फक्त वीस मिनिटं, एवढ्यात तर पोलादपूरहून गाडी कापड्याला पोचते!

आणि तेव्हा बयाबाई उठली. माझ्याजवळ आली. ओरडली नाही. हळूच म्हणाली, "रामा, त्या वख्ताला पन तूच म्हनालावतास, येल ती भाईर."

...

सांगतो. सांगितलं पाहिजे. बारा वर्षांपूर्वी बयाबाईची सून आवडी, अशीच दुपारी आतून कडी घालून बसली होती. घरात भांडण झालेलं. मी ड्युटीवरून आलो होतो, लोक दाराशी जमलेले, दार फोडायचं म्हणत होते. आणि मी, खाकी कपड्यात, मोठा शहाणा, म्हणालो, "दार फोडून तमाशा करू नका. राग उतरला की येईल बाहेर." माझं ऐकलं हो सगळ्यांनी. गेले घरोघर. संध्याकाळी उघडलं दार. उशीर झाला होता. तेव्हापासून आमच्या वाडीत दिवसा दार लावत नाहीत. बयाबाईने मला कधी दोष दिला नाही, बारा वर्षांत एका शब्दाने नाही. त्या दिवशी पहिल्यांदा काढलं, आणि तेही दोष म्हणून नाही. नुसती आठवण करून दिली.

आता तुम्हीच सांगा. तुम्ही काय केलं असतं?

मला सगळं माहीत होतं. पेपर आहे, साहेब परदेशात आहे, पोरगी ठणठणीत आहे. सगळं माहीत असूनही मनात आलं, आणि समजा नसेल तर? समजा पेपर अवघड गेला असेल, दीड वर्ष पाण्यात गेलं असं वाटलं असेल, आणि तिने... मी कुशाबाच्या हातातला विळा घेतला. जुनी दारं आमची, फळ्यांत फट असते, विळ्याचं टोक फटीतून घातलं की आतली कडी वर उचलता येते. उचलली. दुसऱ्या कोणी नाही, मीच उचलली. आणि दार उघडलं.

ती बसली होती. पाठ आमच्याकडे. ताठ. समोर तो लॅपटॉप, वालाच्या दाण्यांचा. मान वळवली नाही तिने, दार उघडल्यावरसुद्धा नाही, जणू आम्ही आत आलोच नाही असं दाखवलं तर साहेबही मानेल! मग पडद्यावर काहीतरी लाल आलं. तेव्हा वळली. गालावरून पाणी वाहून वाहून वाळलेलं, म्हणजे आधीच रडून झालेलं, न पुसता. माझ्या हातातल्या विळ्याकडे बघितलं. म्हणाली, "काका, सातच प्रश्न राहिले होते."

एवढंच.

आणि आमची माणसं? अहो, आनंद! "जित्ती हाय गो, जित्ती हाय!" रखमावहिनीने तिला पोटाशी धरली. बयाबाईने मीठमोहऱ्या आणल्या, दृष्ट काढली. कोणी चहा टाकला, साखर सढळ. भरत म्हणतोय, "मी म्हनलं नव्हतं, काय नसंल?" सगळी वाडी हसतेय, डोळे पुसतेय, देव परत भिंतीवर टांगतेय, आणि मधोमध पोरगी उभी, दृष्ट काढून घेतेय. तुम्हाला सांगतो, एवढं प्रेम आमच्या वाडीने कोणावर केलं नव्हतं. आणि त्या प्रेमाखाली तिची नोकरी चिरडली.

लिहिलं ना, लिहिलं. परीक्षावाल्यांना लिहिलं, पुन्हा संधी द्या. त्यांनी एक फॉर्म पाठवला, व्यत्यय का आला, त्याचं कारण निवडा. आग. पूर. वीज. तब्येत. इतर. मी म्हटलं, आपलं कुठलं? म्हणाली, "इतर, काका." म्हणजे आम्ही सगळे, कुशाबा, बयाबाई, मेलेली आवडी, सगळे मिळून इतर! आठ दिवसांनी उत्तर आलं, पुन्हा पैसे भरा, पुन्हा तारीख घ्या. तोवर एकतीस तारीख केव्हाच गेली. शर्मिला मॅडम हळहळल्या, पण थांबल्या नाहीत, आधीच सांगितलं होतं त्यांनी. त्या जागेवर यशराज नावाचा मुलगा बसलाय. आणि तो काय करतो माहीत आहे? मॅडमकडून नंबर घेऊन ह्या पोरीलाच फोन करतो! "ताई, प्रिंटर दिसत नाहीये, काय करू?" आणि ही सांगते हो! पुण्याहून सांगते, हे दाब, ते दाब. मी म्हटलं, अगो, कशाला सांगतेस? म्हणाली, "काका, सराव होतो."

पुण्याहूनच, हो. गेली ती. कुशाबाने विचारलंच नाही ह्या वेळी, संध्याकाळी घरी येशील का. कुठल्या तोंडाने विचारणार? तिथे एका दुकानात बिलं करते आणि रात्री अभ्यास. एका इमारतीत खोली घेतलीय, चौथ्या मजल्यावर. म्हणाली, "काका, इथे मस्त आहे, दार लावलं की लावलं. कोणी विचारत नाही." मला बरं वाटलं. म्हटलं, हवं तेच मिळालं. मग श्रावणात एकदा फोन आला, आवाज बारीक. चार दिवस ताप होता म्हणे. दार लावून पडून होती. म्हटलं, कोणी आलं नाही? म्हणाली, "पाचव्या दिवशी शेजारच्या बाईंनी थाप मारली, काका." म्हटलं, देव पावला, चांगली आहे हो बाई! म्हणाली, "कचऱ्याचा डबा आत घ्या म्हणत होत्या."

त्यावर ती हसली. मी नाही हसलो. मला वाटलं, ही मला माफ करतेय की शिक्षा देतेय? अजून कळलेलं नाही.

वाजले किती? अकराला दोन कमी? आज तिचा पेपर, तोच, पहिल्यापासून. तिच्या त्या खोलीत, दार लावून. परवा म्हणाली, "काका, फोन बंद असेल, काळजी करू नका." मी म्हटलं, नाही करत. आणि सकाळी पहिल्या गाडीने इथे येऊन बसलोय. घरी बसवेना हो! दर पाच मिनिटांनी बयाबाई वाटेवर उभी राहून विचारणार, "पोरीचं दार उगडलं का रे?"

ही आली बघा पुण्याची गाडी! चला, उठा, पुढे सरका, एकेक करून चढा, लहान पोरांना आधी! मी? नाही, मी नाही येत. आत्ता निघालो तरी चार वाजता पोचणार, पेपर साडेबाराला संपणार. हिशेब येतो मला, तीस वर्षं वेळापत्रकावर काढली. मग पिशवीत विळा कशाला? ...आणला आपला. हातात असलेला बरा वाटतो. नाही तर तिकडे त्याचा काय उपयोग? चौकशी केलीय मी, पुण्याच्या दारांना कडी नसते, लॅच असतं. फट ठेवत नाहीत.

लाव रे पोरा दार, लाव, अकरा वाजले.